एकाकी माणसाची नेमणूक

दांडिया बाजारातल्या छायाचित्र मंडळाने गेल्या वर्षी ठराव केला की यापुढे प्रदर्शनात फक्त मोकळ्या निसर्गाचे फोटो घ्यायचे, आणि प्रत्येक फोटोत एकच माणूस असावा, तोही लहानसा आणि एकटा. अध्यक्ष निरुपमाताई गुप्ते निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मते माणूस मोठा दिसला की त्याचा चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की विचारपूस करावीशी वाटते. त्याने फोटो बिघडतो.

अडचण पहिल्याच रविवारी आली. सव्वीस सभासद पहाटे मही नदीच्या पात्रातल्या वाळूत उतरले, पण एकटा माणूस कोणालाच मिळेना. जिकडे कॅमेरा वळवावा तिकडे दुसरा सभासद एकांत शोधत उभा.

शेवटी सचिव गोविंद चिटणीस यांनी समा भागातून मल्हारराव जगतापांना आणलं. गोरव्याच्या कारखान्यातून निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगी कॅनडात. पाठीला किंचित पोक, हातात छत्री. ते दूर वाळूत उभे राहिले की सगळे कॅमेरे तिकडे वळायचे. असलं एकाकीपण शिकवून येत नाही, असं निरुपमाताईंनी इतिवृत्तात नोंदवलं.

पाचव्या रविवारी फोटो बिघडू लागले. मल्हाररावांची पाठ सरळ झाली होती आणि ते लांबून हात हलवत होते. समितीने चौकशी केली तेव्हा कारण निघालं. काम संपल्यावर सभासद त्यांना सेवउसळ खायला नेत, आणि कोणीतरी त्यांच्या गुडघ्याचीही चौकशी करत असे. लगेच परिपत्रक निघालं: प्रदर्शन होईपर्यंत मल्हाररावांशी कोणीही बोलू नये, सूचना झेंडीने द्याव्यात, सेवउसळ त्यांना बांधून घरी पाठवावी.

दोन रविवार फोटो पुन्हा उत्तम आले. तिसऱ्या रविवारी मल्हारराव वाळू तुडवत थेट कॅमेऱ्यांपर्यंत आले. छत्री मिटून गोविंदला म्हणाले, "एकटंच राहायचं तर मी घरी राहीन. तिथे निदान पंखा आहे."

आणि ते निघून गेले.

प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. मंडळाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. एकाकी माणूस पाहिजे. वय साठच्या वर. एकटं राहत असल्याचा सोसायटीचा दाखला आणि भेटायला कोणी येत नसल्याचं स्वघोषणापत्र जोडावं. गोविंदला वाटलं, आठ-दहा अर्ज येतील. आले चारशे बारा. एका सोसायटीने दाखल्यावर लिहिलं होतं की सदर गृहस्थ आमच्याकडे राहतात, हे आम्हाला या अर्जामुळेच कळलं.

छाननी गोविंदने घरी बसून केली. दोनशे सदतिसावा अर्ज ओळखीच्या अक्षरात होता. बापूसाहेब चिटणीस, वय एकोणऐंशी. राहण्याचं ठिकाण: मुलाकडे, मागची खोली. एकाकीपणाचा अनुभव: नऊ वर्षं.

गोविंद कागद घेऊन उठला. वडिलांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. आत रेडिओ चालू होता. अजून एकशे पंचाहत्तर अर्ज बाकी होते. तो परत आला.

समितीच्या बैठकीत त्याने हा अर्ज नाव न वाचता मांडला. निरुपमाताईंनी निर्णय दिला की ज्याच्या घरात पाच माणसं आहेत त्याला एकाकी धरता येणार नाही. गोविंदला फार हलकं वाटलं. अर्ज फेटाळल्याचं पत्र त्याने स्वतः टाइप केलं, सचिव म्हणून सही केली, आणि नियमाप्रमाणे अर्जदाराच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवलं.

चौथ्या दिवशी गुजराती पोस्टमन आला. घरातली मंडळी आपापल्या कामात होती, तुमच्या-आमच्या घरी असतात तशी. बापूंनी सही केली, पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं आणि खुर्ची पोस्टमनपुढे सरकवली.

"बेसो ने, भाई," ते म्हणाले. "पत्र काय, नंतर वाचीन."