महाराजांच्या गडद बटा

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता आणि त्याला टक्कल पडत चाललं होतं. हसू नका. आधी आपापल्या वडिलांकडे बघा.

त्या जंगलाचा कायदा साधा होता. ज्याची आयाळ भरघोस आणि अस्सल, तो राजा. अक्कल मोजणं अवघड, म्हणून पूर्वज त्या भानगडीत पडले नव्हते.

तेव्हा विक्राळराव महाराज बाभळीखालच्या सुगरणबाईंच्या पार्लरमध्ये जाऊ लागले. विणकामात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी घोड्याच्या शेपटीचे केस आणले आणि महाराजांच्या उरल्यासुरल्या केसांना बारीक गाठी मारून जोडले. महाराजांनी त्यांना शपथ घातली. हे केस जोडलेले आहेत हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, अगदी जीव गेला तरी.

मूळचे केस वाढले की गाठी खाली सरकत. त्या वर घ्यायला महाराज दर दीड महिन्याने गुपचूप येत. दरबारात याला शिकारीचा दौरा म्हणत.

पण नवी आयाळ फारच पिवळीधमक होती. माकडं तिला गवताची गंजी म्हणू लागली. त्यातच पलीकडच्या डोंगरातल्या एका तरण्या सिंहाचा निरोप आला. पौर्णिमेला येतो, आयाळ बघतो, खोटी निघाली तर गादी माझी.

"मधे मधे गडद बटा घालू," सुगरणबाई म्हणाल्या. "लोलाइट्स म्हणतात त्याला. खरे केस काय एका रंगाचे असतात?"

रंग गाठींना लागला तर गाठी सुटतात, म्हणून केस उतरवूनच रंगवावे लागतात. बाई म्हणत होत्या, निम्मे आज करू, निम्मे उद्या. महाराजांना कुठला दम निघतोय. त्यांनी सगळे उतरवायला लावले. बाईंनी आयाळ करवंदीच्या जाळीवर पसरली, निवडक बटांना हिरड्याचा काळपट रंग लावला आणि ती वाळत ठेवली.

नेमका तेव्हाच तो तरणा सिंह आला. चांगला एक दिवस आधी. दरबारातल्या रानडुक्कर हवालदाराने त्याला वाट दाखवली होती. महाराज बोडक्या मानेने बाभळीमागे लपले.

तरण्या सिंहाला समोर महाराज पाठमोरे बसलेले दिसले. म्हणजे जाळी दिसली. त्याने आयाळ निरखून पाहिली.

"उन्हानं मधे मधे कशी काळवंडलीय," तो हवालदाराला म्हणाला. "ही खोटी असणं शक्य नाही." त्याने जाळीला मुजरा केला आणि शेपूट घालून निघून गेला.

महाराज आनंदाने बाभळीमागून बाहेर आले. हवालदाराने त्यांना दरडावून विचारलं, की तू कोण. महाराज म्हणाले, मी महाराज. हवालदाराने त्यांची मान पाहिली, मग आयाळ पाहिली आणि सुळे पुढे केले.

महाराज काकुळतीला आले. "बाई, तुम्ही तरी सांगा. ते केस तुम्हीच मला जोडलेत."

सुगरणबाईंना फार वाईट वाटलं. पण गिऱ्हाइकाला दिलेला शब्द तो शब्द.

"महाराजांचे केस अस्सल आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातला एकही जोडलेला नाही."

आयाळ जाळीसकट वाजतगाजत गादीवर गेली. तिने कुणाला खाल्लं नाही, की भाषण केलं नाही. महाराज आताशा फार समजूतदार झालेत, असं प्रजा म्हणू लागली.

पुढे जाळी वाळली आणि आयाळ एका बाजूला कलली. तिच्याखाली बसायला कुणीतरी हवं, अशी दवंडी पिटली गेली. अट एकच, उमेदवाराला स्वतःचे केस नसावेत.

बऱ्याच मुलाखती झाल्या. शेवटी विक्राळरावांना घेतलं, सहा महिने तात्पुरतं. काम बरं केलं तर पुढे बघू म्हणाले.

तात्पर्य : आधी आयाळ करून घ्यावी. सिंह मागाहून जोडता येतो.