मदत न करणाऱ्या गजभियेबाई

गजभियेबाईंची नि माझी पहिली गाठ फाटकात पडली. बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत होत्या. फाटक जड, गंजलेलं. मी माणुसकी म्हणून पुढं झालो आणि ते उघडून धरलं. बाई थांबल्या. पिशव्या खाली ठेवल्या. माझ्या हातातून फाटक काढून घेतलं, बंद केलं, पुन्हा स्वतः उघडलं, पिशव्या उचलल्या आणि आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या,

"काहून मदत करून राहिले? हात आहेत ना मला."

मी बायकोला येऊन सांगितलं की शेजारी नवीन भाडेकरू आलीय आणि ती जरा तिरसट आहे. बायको म्हणाली, "मघाशी तिच्याकडं चहाला गेले होते. मला म्हणाली, साखर वरच्या फळीवर आहे, गाळणी खिळ्याला आहे, करा. मीच केला, मीच प्याले, कप विसळून आले."

छावणीत मिर्झासाहेबांच्या आवारात आम्ही दोनच भाडेकरू. आमच्या दोन खोल्या पुढं, बाईंच्या मागं, आणि त्यांच्या खोल्यांना लागून एक पत्र्याची शेड. बाई मूळच्या नागपूरच्या. इथल्या सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी करून ती सोडली होती. शहरात त्यांनी पुष्कळ जागा बघितल्या. जागा रिकामी असायची, आडनाव सांगितलं की भरायची. मिर्झासाहेबांनी तेवढं आडनाव विचारलं नाही. त्यांची एकच अट होती. "नमाज के टाइम कू खटखट नै होना, बस."

बाईंचं शिक्षण हाताला काम देऊन माणूस उभा करण्याचं. अपघातानं, आजारानं किंवा जन्मतःच ज्याला रोजचं जगणं अवघड जातं, त्याला शर्टाच्या गुंडीपासून नोकरीपर्यंत एकेक गोष्ट सरावानं जमवून द्यायची. दवाखान्यात त्यांना टोपल्या विणायला लावणारी बाई म्हणायचे. त्यांनी शेडवर पाटी लावली, 'व्यवसायोपचार केंद्र'. त्या दिवसांत चिकलठाण्यात रोज नवा कारखाना उभा राहायचा. ज्याला त्याला धंदा टाकायचा होता. पाटी वाचून पहिल्याच आठवड्यात करमाडचा एक पाटील आला.

"बाई, पिठाची गिरणी टाकायची हाय. तुमच्याकडून काय उपचार व्हतोय का?"

बाईंनी त्याला बसवलं, हात बघितले आणि म्हणाल्या, "अंगठा कधीपासून असा अडकून राहिला?" पाटील गिरणी विसरला. पुढं महिनाभर येऊन तो मुकाट्यानं कणकेचा गोळा दाबत बसायचा.

कणीक हे बाईंचं आवडतं औषध. मिर्झासाहेबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात लोंबायचा. बाईंनी त्यांनाही परातीसमोर बसवलं. म्हातारा सगळ्या छावणीत कुरकुरत हिंडायचा, "बुढापे में मेरेकू आटा गुंदने कू लगाई ये बाई!" मग एक दिवस त्यांनी आमच्या दारात रोटी आणून दिली. वाकडी होती, एका बाजूला जाड होती, आणि म्हातारा असा उभा होता जसा काही बीबीचा मकबरा त्यानंच बांधलाय.

बाई आहेरसुद्धा असलाच द्यायच्या. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी एक लाकडी फळी दिली. तिच्यावर कडी, बिजागरी, चेन, हूक, गुंड्या आणि बुटाची नाडी ठोकलेली. नवरीला म्हणाल्या, "पोरी, हे तुझ्यासाठी नाही. याला दे. चहा करता येते का, ते मग बघू." नवरदेव अक्षता झटकत नाडी बांधायला लागला. व्याही नाराज झाले. फोटो मात्र त्या लग्नातला तोच चांगला आला.

आता ही सगळी गंमत झाली. बाईंचं खरं काम शेडमध्ये चालायचं. तिथं सकाळी त्यांची 'मोठी मुलं' यायची. वयानं विशी-पंचविशीची. कुणी सारखं एकच वाक्य बोलायचं, कुणी डोलायचं, कुणाला अंगाला हात लागलेला खपायचा नाही. आता डॉक्टर त्याला ऑटिझम वगैरे नावं देतात. तेव्हा गावानं एकच नाव ठेवलेलं होतं, खुळं. बाईंसमोर तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा आमच्या दूधवाल्यानं उच्चारला. बाईंनी त्याला डाव्या हातानं दूध मापायला लावलं. सांडलं तेव्हा म्हणाल्या, "आता तुम्हाला काय म्हणायचं?"

त्यांच्यात शेंद्र्याचा सोपान होता. धनगराचं पोर. वीसेक वर्षांचा, उंच, काठीसारखा. कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. बोलायचा एखादाच शब्द. मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवून वाट फुटेल तिकडं पळायचा. पण त्याच्यासमोर मिसळलेल्या वस्तू टाका, तो सारख्याला सारखी लावत बसायचा. त्यात त्याला सुख होतं. त्याची आई त्याला घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, "बाई, मेंढरामागं नाय जमत त्याला. कुत्रं भुकलं की ह्यो पळतो, अन् ह्याच्या मागं मेंढरं पळत्यात."

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामगार खात्यात होतो. बाईंनी एक दिवस मला फाटकात गाठलं. "जाधव, तुमच्या मॅनेजरला भेटायचं आहे."

"मी शब्द टाकतो ना बाई."

"शब्द मी टाकीन. तुम्ही फक्त खोली दाखवा."

मॅनेजर टायवाले, मुंबईचे. बाई सोपानला घेऊन आत येताच उठून त्यांनी खुर्ची ओढली. बाईंनी ती परत ढकलली, स्वतः ओढली आणि बसल्या. मी भिंतीकडं बघत उभा. मॅनेजरांनी सोपानकडं बघून विचारलं, "बोलतो का हा?"

"तुमचं मशीन बोलते का?"

मॅनेजर हसले. बरे होते बिचारे. म्हणाले, "बाई, तुमचं कार्य मोठं आहे. दयाबुद्धीनं काहीतरी..."

"दया नको जी. पॅकिंगमध्ये जागा आहे का, तेवढं सांगा."

जागा होती. अडचण होती ती भोंग्याची. पाळी सुरू होताना आमचा भोंगा असा ओरडायचा की नवीन कामगारसुद्धा दचकायचे. सोपान तर पहिल्या दिवशी ऐकून थेट जालना रोडला लागला.

मग बाईंनी त्याला भोंगा शिकवायला घेतला. रोज सकाळी दोघं यायची. आधी लांब, चहाच्या टपरीपाशी. भोंगा झाला की सोपान कान झाकायचा, बाई शांतपणे म्हणायच्या, "झाला. संपला. आता काम." मग थोडं पुढं, लिंबाच्या झाडाखाली. मग आणखी पुढं. कारखान्यात तेव्हा युनियनची धामधूम होती. गेटजवळ रोज थोडी थोडी सरकणारी ही बाई बघून वॉचमननं वर कळवलं की घेराव पडणार आहे. मॅनेजरांनी मला बोलावून विचारलं, "कोणत्या युनियनची आहे ही?" मी म्हणालो, "साहेब, ही आपलीच. भोंग्याची ओळख करून देतीय."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर सोपान गेटच्या आत उभा राहून भोंगा ऐकायला लागला. कानांवर हात असायचे, पण पाय जागेवर असायचे. तो पॅकिंगला लागला. एकटा एसटीनं यायचा, डबा खायचा, एकटा जायचा. त्या दिवसापासून बाईंनी त्याच्याबरोबर येणं बंद केलं. मी म्हणालो, "बाई, अधूनमधून या की." त्या म्हणाल्या, "कशाला? मी लागले तर शिकवलं काय मी?"

तेवढ्यात शहर पेटलं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा उसळला होता. गावागावांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. मोर्चे, लाठ्या, बंद. एका मंगळवारी बंद पुकारला, कारखाना बंद, एसटी बंद. मी घरीच होतो. सकाळीच बाई दारात आल्या. चेहरा उतरलेला.

"जाधव, सोपान निघाला असेल."

"आज? आज बंद आहे बाई."

"त्याला बंद समजत नाही. त्याला मंगळवार समजते." आणि मग, त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं ते वाक्य त्या बोलल्या. "मला स्कूटर चालवता येत नाही. न्याल का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. बाईंचं आडनाव घेऊन त्या दिवशी रस्त्यावर निघणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. मी चप्पल घातली.

शहरातून आम्ही गल्लीबोळांनी निघालो. जालना रोडवर टायर जळत होते. एका नाक्यावर दगड आडवे लावून पोरांचा घोळका उभा होता, हातात काठ्या. एकानं स्कूटरची किल्ली काढून घेतली.

"आडनाव?"

"जाधव."

"अन् ह्या?"

मी तोंड उघडलं. माझी बहीण आहे, असं म्हणणार होतो. मागून आवाज आला, "गजभिये. मला बोलता येते, जाधव. काहून माझ्या वतीनं बोलून राहिले?"

टायरचा धूर आमच्या तोंडावर येत होता. काठीवाल्या पोरानं काठी वर घेतली. बाई खाली उतरल्या आणि पदर खोचून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "माझा एक मुलगा कारखान्याच्या गेटवर एकटा उभा आहे. त्याला गर्दी सोसत नाही. मला जायचं आहे."

घोळक्यातला एक जरा थोराड माणूस पुढं आला. "जाऊ द्या रे. बाईमाणूस हाय." किल्ली परत मिळाली. आम्ही निघालो तसा मागून एक दगड आला आणि स्कूटरचा मागचा दिवा फुटला. बाईंच्या पाठीपासून वीतभर अंतरावर.

बऱ्याच पुढं गेल्यावर बाई म्हणाल्या, "थांबवा गाडी. हात थरथरून राहिले तुमचे."

आम्ही एका पुलाच्या कठड्यावर बसलो. बाईंनी ते हातात घेतले नाहीत, नुसतं म्हणाल्या, "मुठी आवळा. सोडा. पुन्हा आवळा." मी तसं करत राहिलो. त्या रस्त्याकडं बघत बोलायला लागल्या.

"माझा भाऊ होता. धाकटा. सोपानसारखाच. आई त्याचं सगळं करायची. घास भरवायची, पाणी पाजायची, बटणं लावायची. लई जीव तिचा. मी शिकायला हॉस्टेलवर होते. आई गेली आणि घरात कुणाला त्याची बोली समजेना. ताट समोर ठेवायचे, तो वाट बघत बसायचा. कुणी भरवेल म्हणून." मग म्हणाल्या, "चांगली होती आई माझी. फार चांगली होती."

पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. उठल्या आणि स्कूटरकडं चालायला लागल्या.

सोपान गेटवर होता. शेंद्र्याहून एवढा रस्ता चालत आला होता. पायांवर धूळ, काखेत डबा. बंद गेटसमोर ताठ उभा होता आणि दोन्ही हात कानांजवळ तयार धरले होते. कधीपासून, कुणास ठाऊक.

"भोंगा नाय," तो गेटकडं बघत म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "आज सुट्टी. उद्या."

"उद्या," सोपान म्हणाला. हात खाली केले. वळला आणि शेंद्र्याच्या दिशेनं चालायला लागला. आमच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्याला घरापर्यंत सोडू, असं मी म्हणणार होतो, पण बाईंकडं बघून गप्प बसलो. आम्ही स्कूटर हळू ठेवून लांबून त्याच्या मागं मागं गेलो, शेंद्र्याच्या फाट्यापर्यंत.

यालाही बरीच वर्षं झाली. विद्यापीठाच्या नावाचा निकाल पुढं लागला, शहर शांत झालं. शेडमधली मुलं एकेक करून कामाला लागली. कुणी छापखान्यात, कुणी बेकरीत, कुणी घरच्याच दुकानात. नवी येत, तीही शिकून जात. गेलेली परत भेटायला येत नसत. भेटायला जायचं असतं, हे त्यांना सुचण्यातलं नव्हतं. बाईंना विचारलं तर म्हणायच्या, "येत नाहीत म्हणजे चांगलं आहे."

एका रविवारी मला कारखान्याकडून समजलं की सोमवारपासून सोपानची पाळी बदलणार आहे. असा बदल आधी, घरी, सावकाश सांगावा लागतो, हे मला एव्हाना ठाऊक होतं. बाईंना विचारावं म्हणून गेलो तर दाराला कुलूप. मिर्झासाहेब म्हणाले, "इतवार कू वो बहन के पास जाती ना. हमेशा का है." मग मी एकटाच शेंद्र्याला गेलो.

दुपारची वेळ. सोपानची आई अंगणात शेळीला पाला टाकत होती. मी तिला पाळीचं सांगितलं. ती म्हणाली, "हळू बोला. तिकडं बसल्यात दोघं."

घरामागं मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या सावलीत सोपान पोत्यावर बसून लोकर निवडत होता, तिच्यातली कुसळं काढत होता. आणि त्याच्याजवळ, जमिनीवर, गजभियेबाई होत्या. त्याही लोकर निवडत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"बाई काय शिकवतात आता याला?" मी विचारलं.

"काय बी नाय. दर ऐतवारी येत्यात, बसत्यात, सांजच्याला जात्यात. मला आधी वाटलं, त्याच्यावर ध्यान ठिवायला येत्यात." तिनं शेळीच्या पाठीवर हात फिरवला. "आता वाटतंय, बाईला घरात करमत नसंल. बहीण-भाऊ कोण नाय म्हनं त्यांना."

ऊन सरकत सरकत बाईंच्या पाठीवर आलं होतं. त्या तशाच बसल्या होत्या. सोपाननं मान वर केली नाही, बाईंकडं बघितलं नाही, लोकरीतला हात थांबवला नाही. नुसता पोत्याच्या टोकाकडं सरकला. बाजूला सावलीत एक माणूस मावेल एवढी जागा झाली.

"आगं बया," त्याची आई पुटपुटली. "ह्यो तर मी जवळ बसले तरी उठून जातो."

बाई जराशा थांबल्या. मग उठल्या, साडी झटकली आणि त्याच्याशेजारी पोत्यावर जाऊन बसल्या. बसल्यावर त्यांनी एकदा डोळ्यांवरून पदर फिरवला आणि पुन्हा लोकर हातात घेतली.

मी सोपानच्या आईचा निरोप घेतला. स्कूटर तिथं सुरू केली नाही. ढकलत ढकलत पार डांबरी रस्त्यापर्यंत नेली.