होशिनासरांचे गुडघे

जूनच्या दुसऱ्या सोमवारी किरिहारा या डोंगरगावातल्या स्कीशाळेची बैठक भरली, तेव्हा डोंगरावर बर्फाचा कणही नव्हता आणि सतरा प्रशिक्षकांपैकी अकरा जण शेतातून उठून तसेच आले होते. कुणाच्या गमबुटांना चिखल होता, कुणाच्या टोपीवर सुतारकामाचा भुसा. मुख्य प्रशिक्षक मिनेगिशीने घसा साफ केला आणि कागद वाचायला घेतला.

“यंदा हिवाळ्याआधीच्या प्रशिक्षणात तीन गोष्टी आहेत. प्रथमोपचार, दरवर्षीचेच. परदेशी पाहुण्यांशी बोलण्यापुरतं इंग्रजी, तेही दरवर्षीचंच. तिसरी नवीन आहे. प्रत्येकाने आपल्याला अजिबात न येणारी एक गोष्ट शिकायची. रीतसर शिक्षकाकडे जाऊन, बारा वर्ग. शेवटी त्या शिक्षकाची सही आणायची, आणि तुम्ही विद्यार्थी म्हणून कसे होतात त्याचा शेरा.”

“हे कशासाठी?” पहिल्या रांगेतून होशिना तेत्सुओंनी विचारलं.

“शिकणाऱ्याच्या मनात काय चालतं ते आपण विसरलोय, असं वरून कळवलंय, सर. गेल्या हिवाळ्यात काही तक्रारी आल्या.”

“कुणाबद्दल?”

मिनेगिशीने कागदाकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे पाहिलं. हळूहळू सगळेच पंख्याकडे पाहू लागले, तेव्हा होशिनासरांना उत्तर मिळालं.

होशिनासर छप्पन्न वर्षांचे होते. उन्हाळ्यात लेट्यूस पिकवायचे आणि गेले एकतीस हिवाळे शाळेचं लाल जॅकेट अंगावर चढवून लोकांना उतारावरून खाली न्यायचे. खुद्द मिनेगिशीला त्यांनीच उभं राहायला शिकवलं होतं. उताराच्या टोकाशी थिजलेल्या नवशिक्यांसाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “भीती डोक्यात असते, पायात नसते. डोकं इथेच ठेवा आणि चला.” नाक निळं पडलेल्या हजारो माणसांनी ते ऐकलं होतं. त्यातल्या काहींनी, आता कळत होतं, पत्रंही लिहिली होती.

“आणि सही नाही आणली तर?”

“सप्टेंबरअखेर कागद आला नाही तर जॅकेट मिळणार नाही,” मिनेगिशी म्हणाला. “भाड्याच्या बुटांच्या काउंटरवर बसायचं.”

बाकीच्यांनी पटापट नावं नोंदवली. कुणी नूडल्स लाटणं घेतलं, कुणी तीन तारांचं, सतारीसारखं वाद्य घेतलं. होशिनासरांना असले पळपुटे धंदे पसंत नव्हते. शिकायचंच आहे तर जे सगळ्यात जास्त टाळलं तेच शिकायचं, असं त्यांनी घरी परतेपर्यंत ठरवून टाकलं. आणि ते काय आहे, हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. छप्पन्न वर्षांत त्यांनी आपलं तोंड कधी पाण्याखाली घातलं नव्हतं. गरम पाण्याच्या कुंडात ते छातीपर्यंत बसत, केस धुताना मान मागे टाकत. डोंगरात समुद्र नसतो, त्यामुळे ही गोष्ट कुणाला कळायचं कारणच पडलं नव्हतं. बायकोलाही नाही.

खालच्या शहरातला नगरपालिकेचा तरणतलाव गाडीने चाळीस मिनिटांवर होता. तिथे ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं.

“प्रौढांचा वर्ग भरलाय,” खिडकीतली बाई म्हणाली. “बावीस जण रांगेत आहेत. पुढच्या वर्षी बघा.”

“मला सप्टेंबर संपायच्या आत पाहिजे.”

“गुडघेदुखीच्या वर्गात एक जागा आहे. आधी पाण्यात चालायचं, मग तरंगायचं, शेवटी तलावाची रुंदी पोहून जायची. पण तो फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी आहे. तुमचे दुखतात का?”

होशिनासरांचे गुडघे म्हणजे गावाचा अभिमान होता. एकतीस वर्षं दिवसाचे सहा तास वाकूनही त्यांनी कधी कुरकूर केली नव्हती.

“दुखतात,” सर म्हणाले.

“कुठला?”

“डावा.”

बाईंनी लिहून घेतलं. आता सांगितलंच आहे तर शोभायला हवं, म्हणून सर फाटकापर्यंत डावा पाय ओढत गेले.

वर्गात सरांशिवाय चार आज्या होत्या. सगळ्यात थोरली कोगुरे आजी, वय एक्याऐंशी. शिकवणारी नागुमो सात्सुकी पस्तिशीची, इतकं हळू बोलायची की ऐकायला जवळ जावं लागे. पहिल्या दिवशी पाण्यात फक्त चालायचं होतं. सरांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला, आणि तिसरीवर त्यांचा हात कठड्याला जो चिकटला तो सुटेना.

“सावकाश या,” नागुमो म्हणाली. “घाई नाही.”

“मी घाबरलेलो नाही.”

“मी विचारलं नव्हतं.”

“ए पोरा,” पाण्यातून कोगुरे आजी म्हणाली, “आत तरी ये नाहीतर बाहेर तरी जा. माझी पाठ गारठतेय.”

पस्तीस वर्षांत त्यांना कुणी पोरा म्हटलं नव्हतं. ते उतरले. पाणी छातीला लागलं तसे ते चवड्यांवर उभे राहिले. एकतीस हिवाळे लोक आपल्याकडे त्या विचित्र, पाणावलेल्या नजरेनं का बघत होते, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. डोकं कुठे ठेवून यायचं तेवढं कळेना. त्यांनी दात आवळले आणि चालू लागले. परतताना गाडीत त्यांनी ठरवलं, बाराच्या बारा वर्ग करायचे, मधे मेलो तरी.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. किरिहारातलं टोफूचं दुकान चालवणारी बाई ही कोगुरे आजीची सून होती.

पुढच्या शुक्रवारी त्यांची बायको नोबुए टोफू घेऊन आली ती डोळे पुसतच.

“अहो, मला का नाही सांगितलंत?”

“काय?”

“सगळ्या गावाला माहीत आहे. तुमचे गुडघे गेले म्हणून. खाली उपचाराला जाता म्हणे दर मंगळवारी. मी बायको आहे ना तुमची? मला टोफूच्या दुकानात कळावं?”

गुडघे ठणठणीत आहेत म्हणावं, तर मग मंगळवारी कुठे जाता, हा प्रश्न आला असता. त्याचं खरं उत्तर दिलं असतं, तर पुढच्या हिवाळ्यात उतारावर ‘भीती डोक्यात असते’ हे वाक्य त्यांना उच्चारता आलं नसतं. शिवाय बातमी आजीमार्फत उलटी तलावावर गेली, तर जागाही जाणार.

“फारसं काही नाही,” ते म्हणाले. “थोडेसे दुखतात.”

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने लेपाची बरणी आणली, त्याच्या शेजाऱ्याने देवळातला ताईत. रविवारी पहाटे सर शेतावर गेले, तर सहा जण त्यांचं लेट्यूस कापत होते.

“सर, तुम्ही वाकू नका. सावलीत बसा.”

“माझं मी कापतो.”

“तेच म्हटलं आम्ही आपसात. होशिनासर दुखणं दाखवणार नाहीत.”

सर सावलीत बसले. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात थकवणारा दिवस ठरला.

ऑगस्टमधल्या उत्सवात तर कहर झाला. देवाच्या पालखीला तीस वर्षं पुढचा उजवा खांदा त्यांचा असे. यंदा त्यांना ट्रॅक्टरमध्ये उशीवर बसवलं आणि पालखीच्या मागून नेलं. रस्त्यात लोकांनी त्यांनाही नमस्कार केले. एका म्हातारीने चुकून त्यांच्याच पुढ्यात नाणं टाकलं.

इकडे दर मंगळवारी तलावावर लंगडणं चालूच होतं, आणि दोन्हीकडचा हिशेब त्यांच्याकडून चुकू लागला. गावात धडधाकट दिसायचं ठरवूनही ते सवयीने लंगडत आणि तलावावर विसरून तरातरा चालत.

“गेल्या मंगळवारी डावा होता ना रे?” कोगुरे आजीने एकदा विचारलं. “आज उजवा ओढतोयस.”

“आता दोन्ही दुखतात, आजी.”

“मग दोन्हीकडून लंगड. असं एकीकडून दिसायला बरं नाही.”

पण पाण्यात मात्र त्यांनी लबाडी केली नाही. चौथ्या वर्गात हनुवटी बुडवली. सहाव्यात नाक. सातव्या वर्गात त्यांनी पूर्ण चेहरा पाण्याखाली घातला, तीन आकडे मोजले आणि वर येऊन इतके खोकले की चारही आज्यांनी त्यांची पाठ थोपटली. घरी ते रोज दुपारी न्हाणीघराला कडी लावून तोंड धुवायच्या भांड्यात डोकं घालत. बाहेरून ते बुडबुडे आणि कण्हणं ऐकून नोबुएला वाटे, बिचारे वेदनेनं रडताहेत. ती दाराशी उभी राही आणि गुपचूप निघून जाई.

बारावा वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी होता. तलावाची रुंदी दहा मीटर. कोगुरे आजी त्याआधीच आरामात पलीकडे जाऊन पाय हलवत बसली होती. सरांनी भिंतीला पाय लावला. नागुमो त्यांच्या बाजूने पाण्यातून चालू लागली, हात पुढे धरून, पण न लावता. मध्यावर सरांच्या नाकात पाणी गेलं. थांबायचं म्हटलं तर पाय टेकले असते, पाणी छातीएवढंच होतं. त्यांनी पाय टेकले नाहीत. हातपाय झाडत, फुरफुरत, वाकड्या रेषेत ते पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळले.

“पोहला,” आजी म्हणाली. “कुत्र्यासारखा, पण पोहला.”

काठावर बसून नागुमोने त्यांचा कागद भरला, सही केली, शिक्का मारला. सरांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. वर नगरपालिकेच्या शिक्क्यात ‘गुडघेदुखी रुग्ण वर्ग’ असं होतं. खाली शेरा होता: ‘पहिल्या दिवशी पाण्याला घाबरले. बाराव्या दिवशीही घाबरले. तरी पोहून गेले. गुडघे उत्तम.’

“हे गुडघ्यांचं तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. तुम्ही पायरीवर वीस मिनिटं अर्धवट वाकून उभे होता. दुखणाऱ्या माणसाला जमत नाही ते.” नागुमो नेहमीसारखीच हळू बोलत होती. “शेरा बदलून हवाय का? फक्त ‘मेहनती विद्यार्थी’ एवढं लिहून देते.”

बदलून घेतला असता, तर वरच्या शिक्क्याने त्यांना रुग्ण ठरवलं असतं आणि काउंटरवर बसवलं असतं. तसाच नेला, तर घाबरट म्हणून गावभर झालं असतं.

“नको,” ते म्हणाले. “जे झालं ते तसंच लिहिलंय.”

कागद देण्यासाठी त्यांना शाळेत जावंच लागलं नाही. त्याच संध्याकाळी मिनेगिशी एक महागडं खरबूज घेऊन घरी आला. सरांना खाली गुडघे मोडून बसावं लागू नये म्हणून नोबुएने कोठारातून खुर्ची काढून ठेवली होती. सर तिच्यावर बसले. मिनेगिशी खाली बसला आणि खरबुजाची पेटी दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

“सर, कसं सांगू तेच कळत नाही. तुम्ही मला घडवलंत. पण तुमच्या गुडघ्यांशी खेळ करणं मला जमणार नाही. या हिवाळ्यापासून तुम्ही काउंटर सांभाळा. तिथे हीटर आहे. आणि महिनाअखेरीस सगळ्यांनी मिळून तुमचा छोटासा निरोपसमारंभ ठरवलाय.”

होशिनासर खुर्चीवरून उठले आणि तिथल्या तिथे बैठका मारू लागले. दहा झाल्या. वीस झाल्या. तिसाव्या बैठकीलाही श्वास चढला नव्हता.

“अहो, नका हो,” नोबुए रडवेली झाली.

“सर, त्रास लपवू नका,” मिनेगिशीने हात जोडले. “आमच्यासमोर तरी.”

सर थांबले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि मिनेगिशीच्या हातात दिला. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला, मग नोबुएकडे दिला. तिने तो मोठ्याने वाचला. ‘तरी पोहून गेले’पाशी तिचा आवाज कापला आणि ‘गुडघे उत्तम’पाशी ताळ्यावर आला.

“तुम्हाला पाण्याची भीती वाटते?” तिने विचारलं.

“वाटते.”

“लग्नानंतर आपण समुद्रकाठी गेलो होतो. तीन दिवस तुम्हाला सर्दी होती. खोलीच्या बाहेर आला नाहीत.”

“सर्दी नव्हती.”

“मी त्या खानावळवाल्याशी भांडून तुमच्यासाठी पेज करून घेतली होती.”

“पेज चांगली होती,” सर म्हणाले.

नोबुएने कागदावरचा शेरा पुन्हा एकदा वाचला. मग ती जी हसायला लागली ती थांबेना. होशिनासर खाली मान घालून उभे होते. मिनेगिशी हसला नाही. तो खरबुजाच्या पेटीवरची फीत बोटाभोवती गुंडाळत होता.

“समारंभ रद्द करतो, सर,” तो म्हणाला. “जॅकेट तुमचंच.” त्याने एकदा दाराकडे पाहिलं. “पुढचा वर्ग कधी सुरू होतो?”

“कुठला?”

“तोच. मंगळवारचा.”

“ऑक्टोबरमध्ये. का?”

“मुख्य प्रशिक्षकालाही तो नियम लागू आहे. माझा कागद अजून कोरा आहे. डिसेंबरपर्यंत मुदत मागून घेतलीय.” मिनेगिशीने फीत सोडली आणि पुन्हा गुंडाळली. “आमच्या घरामागे नदी आहे ना, सर. लहानपणी सगळी पोरं पुलावरून उड्या मारायची. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. सगळ्यांना वाटायचं, केवढा विश्वासू मुलगा.”

नोबुएचं हसणं थांबलं.

“जागा मिळेल,” होशिनासर सावकाश म्हणाले. “पण तो फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी आहे.”

मिनेगिशीने आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले. वय त्रेचाळीस, मांड्या देवदाराच्या खोडासारख्या.

“दुखतात, सर,” तो म्हणाला. “बऱ्याच वर्षांपासून.”

होशिनासरांनी मान डोलावली, खुर्ची उचलून त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः खाली गुडघे मोडून बसले.