आत्याबाईंच्या गालावरचा चिखल

"मिस्त्री, तुम्ही चित्र पुसलंत?" गॅरेजच्या मालकाचा आवाज चिरकला.

"चित्र कशाला पुसू? इंजिनातून तेल गळत होतं, तेवढं पुसलं," मिस्त्री म्हणाले. रॉकेलचं फडकं अजून हातातच होतं.

ते तेल रंगवलेलं होतं. मालकाच्या आत्याबाई साठ वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीत उतरल्या, तेव्हा नुसती मोटार चालवणारी बाई दिसली तरी लोक हातातलं काम टाकून बघायला यायचे. पहिल्याच शर्यतीत त्यांनी भल्याभल्यांना धूळ चारली. त्या विजयाचं चित्र आज त्यांच्यासमोर उघडायचं होतं, आणि रंग अजून ओला होता. गाडी खरी वाटावी म्हणून चित्रकाराने इंजिनाखाली तेलाचा ओघळ काढला होता. पण त्या गाडीचे मिस्त्री हेच. त्यांच्या हातच्या गाडीतून उभ्या जन्मात थेंब गळला नव्हता. बाईंच्या गाडीतून तर नाहीच नाही.

"बरं, तेल पुसलंत. पण आत्याचं तोंड?"

"गालावर चिखल दिसला. म्हटलं, चार माणसं येणार, बाई अशा बऱ्या दिसतात का?"

चिखलाबरोबर गाल गेला, गालामागोमाग नाक. उरला फक्त गॉगल. चित्रकार आला आणि स्टुलावर मटकन बसला. आत्याबाई अर्ध्या तासात पोचणार होत्या.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचा आयुष्यभर अभिमान बाळगला, तिचंच तोंड आपण पुसलं! त्यांनी ग्रीसचा डबा उघडला. "शेवटच्या वळणावरून बाई आल्या, त्या अशा," म्हणत नाक-गाल ग्रीसने भरून काढले. चित्रकाराने डोळे मिटून घेतले.

आत्याबाई काठी टेकत आल्या. पडदा सरला. त्या चष्मा पुसून चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मालक मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवू लागला.

"ही मी," त्या म्हणाल्या. "आजवर सगळ्यांनी माझे फोटो काढले ते तोंड धुतल्यावर. जिंकले तेव्हा मी अशी होते."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आत्याबाईंनी चित्रातल्या गालाला बोट लावलं, वास घेतला आणि गर्रकन वळल्या.

"मिस्त्री! असलं हलकं ग्रीस? माझ्या गाडीला तरी कधी लावलं होतंत?"

"चुकलं, बाई," मिस्त्री म्हणाले. ओरडा खाऊन इतका आनंद त्यांना साठ वर्षांत झाला नव्हता. "आत्ता बदलतो."

चित्रकार हात पसरून चित्रासमोर आडवा उभा राहिला.