ढब्बूचं अंगण

आमचा कुत्रा ढब्बू अंगण सोडून कधीच बाहेर जात नाही. तो जातो तिथं अंगणच त्याच्याबरोबर जातं.

हे माझ्यामुळे झालं, असं घरात सगळ्यांचं एकमत आहे. आमच्याकडे एकमत क्वचित होतं, म्हणून मी ते मोडलं नाही. ढब्बूचं चित्त थाऱ्यावर नसतं. खार दिसली की खार, सायकल दिसली की सायकल, वाऱ्यानं पिशवी उडाली की जेवण टाकून पिशवी. आणि फाटकासमोरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात. म्हणून मी चांगल्या दुकानातून जाड साखळी आणली आणि त्याला अंगणातल्या पेरूला बांधलं. तेवढ्यात समोरून मांजर गेलं. ढब्बू धावला. साखळी तुटली नाही, पेरू उपटला नाही. अंगण निघालं.

"छान बांधलंस हो," सासूबाई दारातून म्हणाल्या.

साखळी टिकली म्हणून मी क्षणभर खूश होते. मग लक्षात आलं, वाळत घातलेले कपडेही गेले.

अंगण एसटी स्टँडवर सापडलं. मांजर केव्हाच पसार झालं होतं आणि ढब्बू भजीवाल्याच्या झाऱ्याकडे बघत बसला होता. गाडीची वाट बघणारी माणसं आमच्या अंगणात उभी होती. आता आमच्याकडे अशी रीत आहे, की अंगणात आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. मी घरी पळाले, मोठं पातेलं चढवलं आणि किटली घेऊन परत आले.

"साखर जरा बेतानं, वहिनी," एक आजोबा म्हणाले. कप हातात होता म्हणून त्यांनी समोर लागलेली गाडीही सोडली.

मग ते नेहमीचंच झालं. साखळीची गरज उरली नाही, अंगणाला सवय लागली. ते भाजीबाजारात गेलं, शाळेच्या कवायतीत गेलं. एकदा एका लग्नात शिरलं, तेव्हा सासूबाईंनी आमच्याच अंगणात नवरीची ओटी भरली आणि जेवूनही आल्या. माझ्या वयाच्या बायका जिमला पैसे भरतात. मी किटली घेऊन अंगणामागं धावते. फरक इतकाच, की त्या बारीक होतात.

एक दिवस नगरपरिषदेच्या कोंडवाडा विभागाचे तांबवेकर आले. "तक्रार आहे, ताई. तुमचा कुत्रा गावभर फिरतो."

"तो अंगणात असतो."

"परवा कुठं होता?"

"अंगणात."

"आणि अंगण?"

"मटण मार्केटात."

तांबवेकरांनी बराच विचार केला. "अंगणाबद्दल नियम नाही," ते नाराजीनं म्हणाले. "पण कुत्रा अंगणाबाहेर दिसला, तर मी उचलणार. आमच्याकडून कुत्रा परत मिळत नसतो, सांगून ठेवतो."

ढब्बू माझ्या पायाला टेकून त्यांच्या बुटाच्या नाडीकडे बघत होता. मी त्याला आणखी जवळ ओढलं. कारण तांबवेकरांना जे माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं. अंगण दमायला लागलं होतं. हल्ली ढब्बू आधी पोचायचा आणि अंगण मागून धापा टाकत यायचं. मधे थोडी जागा राहायची. काल त्या जागेतून एक ट्रॅक्टर गेला होता.

तांबवेकर हुशार निघाले. त्यांनी ढब्बूला काखेत घेतलं आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं. कुंपणानंही टाकलं. त्यांनी दुसरं टाकलं.

"अंगण धरून ठेवा, ताई!"

"कशी धरू? मी त्यातच उभी आहे."

असे आम्ही चालत नगरपरिषदेपर्यंत गेलो. ते मधेच पाय उचलायचे आणि मागं वळून बघायचे, अंगण किती मागं राहिलंय ते. मी अंगणाला हळूच "चल रे बाबा, चल" म्हणत होते. उंबऱ्यापाशी ते फार दमलं, पण आलं. पेरू साहेबांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला आणि कपड्यांची दोरी दोन कपाटांच्या मधे आली.

मुख्याधिकारी साहेबांनी माझा परकर बाजूला करून विचारलं, "कुत्रा कुठं आहे?"

"अंगणात, साहेब," तांबवेकर म्हणाले.

"मग कारवाई कशी करणार?"

"इथून उठेल की. त्याचं चित्त थाऱ्यावर नसतं. अंगण आता उठायचं नाही."

त्यांनी ढब्बूला खाली ठेवलं. ढब्बूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी श्वास रोखून त्याच्याबरोबर बघत होते. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. टेबलामागं माणसं बसली होती. ढब्बूनं सगळीकडं पुन्हा एकदा नीट बघितलं, जांभई दिली आणि झोपला.

आयुष्यात पहिल्यांदा तो दुपारभर एका जागी होता.

तेव्हापासून आमचं अंगण तिथंच आहे. मी सकाळी कचेरी उघडायच्या आधी जाते, झाडते, सडा घालते, दाराशी रांगोळी काढते. अकराच्या सुमाराला सगळ्यांना चहा देते, कारण सगळे आमच्या अंगणात बसलेले असतात. तांबवेकर ढब्बूसमोर खुर्ची टाकून बसतात आणि तो कधी उठतो ते बघतात. पेरूला या वर्षी चांगला बहर आलाय.

परवा मात्र कठीण प्रसंग आला. आवक-जावकचे घोरपडे एक फाइल घेऊन उठले आणि पलीकडच्या टेबलाकडं निघाले.

ढब्बूचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. तांबवेकर खुर्चीवरून अर्धे उठले. माझ्या हातात किटली तशीच राहिली.

"घोरपडे," मुख्याधिकारी साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "एवढी काय घाई आहे?"

घोरपड्यांनी फाइल होती तिथं ठेवली आणि बसले. ढब्बूचे कान खाली आले. तांबवेकरांनी मोठा श्वास सोडला, खुर्चीत टेकले आणि कप पुढं केला.

"भरा, ताई," ते म्हणाले. "आज जरा आलं जास्त आहे का?"