न जुळणारा जिना

गवंडीकाम सोडून म्हाताऱ्याला सात वर्षं झाली होती, पण सपाटी तपासायची ती बुडबुड्याची पाणसळ काही सुटली नव्हती. चष्म्याच्या डबीशेजारी ती कायम उशाला. "डोळा फसतो, पाणसळ फसत नाही," असं तो पाहुण्यारावळ्यांना सांगे, आणि चहा संपेपर्यंत पाहुणे ऐकूनही घेत.

त्याची सून चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन तेच डोळे फसवायचे, असा तिचा नाद. खेळण्यातल्या ठोकळ्यांचा तिनं तीन आठवडे खपून एक जिना रचला होता. चौकोनी, चारी बाजूंनी चढतच जाणारा. कितीही चढा, माणूस परत पहिल्याच पायरीवर. असा जिना जगात होत नाही, पण एका ठरावीक जागेवरून एक डोळा मिटून पाहिलं की दिसायचा. त्याचा फोटो शनिवारी पाचच्या आत दृष्टिभ्रमाच्या स्पर्धेला पाठवायचा होता.

शनिवारी दुपारी म्हातारा नेमका भलत्याच बाजूला येऊन बसला, आणि पाहतो तर काय! शेवटची पायरी पहिलीपासून वीतभर वर अधांतरी लोंबत होती. पोरीचं माप चुकलं होतं! (तिला विचारावं, हे त्याच्या मनात येऊन गेलं. पण दुरुस्ती विचारून करायची, तर जन्मभर गवंडी कशाला व्हायचं?) दोन तास तो ओळंबा आणि पाणसळ घेऊन बसला. पायऱ्या उतरवल्या, फट बुजवली, कोपरे काटकोनात आणले. एवढं सुबक काम त्यानं पगार घेऊनही केलं नव्हतं.

चार वाजता सून आली. ठरल्या जागी वाकली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिला.

"बाबा, जिना कुठं गेला?"

"आहे की. आता चढतासुद्धा येईल."

सून नुसती खाली बसली. तिनं वहीत मापांसकट काढलेलं जिन्याचं चित्र दाखवलं तेव्हा कुठं म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. "मीच मोडून देतो," म्हणत तो पुढं सरसावला, पण हाताला वाकडेपणाची सवयच नव्हती. फट सोडायला गेला की आपसूक सांधा बसे.

स्वयंपाकघरातून म्हातारी म्हणाली, "तुम्ही लांबच राहा. वाकडं करायला गेलात तर सरळ होतंय. सरळ करायला गेलात, ते मी तीस वर्षं निस्तरतेय."

हे ओट्याबद्दल होतं. तो त्यानंच बांधला होता, आणि त्यावर ठेवलेलं लिंबू घरंगळल्याशिवाय राहत नसे. म्हातारा दोष नेहमी लिंबावर ढकलायचा.

सुनेनं वही समोर ठेवून, दातओठ खात जिना पुन्हा रचला. पावणेपाच झाले. उजेड उरला होता तो स्वयंपाकघराच्या खिडकीशीच. जिना ओट्यावर ठेवला, तो घसरू नये म्हणून खाली घडीचा कागद सारला, आणि पाचला दोन मिनिटं असताना फोटो गेला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पहिला नंबर! सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जिना छान आहे, परीक्षकांनी लिहिलं होतं. पण नंबर दिलाय तो जिन्याखालच्या ओट्याला. सपाट ओटा इतका उतरता भासवण्याची युक्ती आमच्यापैकी कुणालाच उलगडली नाही, तेवढी कृपया कळवावी.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. म्हातारा सावकाश उठला, पाणसळ घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. बुडबुडा तरातरा भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसला. त्यानं काच पुसली, पाणसळ टोकं बदलून ठेवली. बुडबुडा पुन्हा भिंतीकडेच.

"वय झालं हिचं," तो म्हणाला. "हिचाही डोळा फसायला लागलाय."