कारण विचारात घेतले जाणार नाही

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, हे ज्याला डोळ्यांनी बघायचं असेल त्यानं त्या दिवशीच्या पालकसभेला यायला हवं होतं. सभा प्राथमिक शाळेची, विषय आजारी मुलं, आणि हात मसुदेरावांचा.

मसुदेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते मुख्य कारकून होते आणि परिपत्रकाचा मसुदा लिहावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती. (ख्याती पसरवण्याचं कामही बरंचसं त्यांनाच करावं लागे.) घरात साखर संपली तरी ते फ्रिजवर चिठ्ठी लावत, ‘विषय : साखर संपल्याबाबत’.

तर सभेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कागद वाचत होत्या. “उलटी किंवा जुलाब झाल्यास मुलाला अठ्ठेचाळीस तास शाळेत पाठवू नये.” सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. हेच ते पालक, जे सकाळी सात वाजता मुलाला तापाचं औषध पाजतात, आठला फाटकात सोडतात आणि औषधाचा अंमल अकराला उतरतो हे ठाऊक असल्यानं अकरा वाजता फोन बंद ठेवतात. माना डोलवायला काय जातं?

तेवढ्यात मसुदेरावांचा हात वर गेला. “अठ्ठेचाळीस तास कुठून धरायचे? पहिल्या उलटीपासून की शेवटच्या? तसा उल्लेख दिसत नाही.”

मोठ्या बाईंची शाळेत सव्वीस वर्षं झाली होती. असले पालक त्या वासावरून ओळखत. “अगदी बरोबर,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “मग तुम्हीच नीट लिहून द्या.”

दुसऱ्या कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मसुदेरावांनी तीन रविवार खर्ची घातले आणि चार पानी नियमावली लिहिली. कलमं अकरा. उलट्या करणाऱ्या मुलांवर त्यांचा राग नव्हता, राग होता पालकांवर, त्यातही दाताच्या डॉक्टरांवर. या डॉक्टरांची जुळी मुलं मसुदेरावांच्या लेकीच्याच वर्गात होती. एकदा दोघांनी वर्गात एकापाठोपाठ उलटी केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “गाडी लागली असेल हो, संसर्ग कसला?” आणि आठवड्याभरात निम्मा वर्ग आडवा झाला. म्हणून कलम दोनमध्ये मसुदेरावांनी ठासून लिहिलं, ‘उलटी ती उलटीच. कारण विचारात घेतले जाणार नाही.’

कलम तीन त्याहून कडक होतं. रोज सकाळी फाटकात बाईंनी प्रत्येक मुलाला विचारायचं, घरी उलटी झाली का? उत्तर मुलानं द्यायचं. ‘पालकांचे म्हणणे ग्राह्य धरू नये.’ आणि कलम नऊ तर खास डॉक्टरांच्या मापानं शिवलेलं होतं. आजार लपवून मूल शाळेत सोडताना जो पालक सापडेल, त्याला मुलासह शाळेच्या आजारी खोलीत बसवून ठेवायचं. मुलाची आणि त्याची सुटका घरातल्या दुसऱ्या पालकानं येऊन, सही करून करायची. ‘अपवाद नाही.’

“हे जरा अती होतंय,” बायको म्हणाली होती.

“अगं, धाक हवा. वापरायची वेळ कुणावर येणार आहे?”

नियमावली शाळेत जशीच्या तशी लागू झाली. आता बायकोविषयी सांगायला हवं, कारण खरा जीव टांगणीला लागला होता तो तिचा. ती एका बँकेत होती. शाखाप्रमुखाच्या जागेसाठी तिला दोनदा मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पहिल्या वेळी लेक पोटात होती आणि ती दवाखान्यात. दुसऱ्या वेळी लेकीला कांजिण्या झाल्या आणि दहा दिवस घरी कुणी थांबायचं हा प्रश्न निघालाच नाही, कारण मसुदेरावांच्या कचेरीत तपासणी होती. (दरवर्षी असते. दरवर्षी तपासणारे चहा पिऊन जातात.) यंदा तिसरं बोलावणं होतं आणि साहेबांनी तिला सरळ सांगितलं होतं, “बाई, चौथ्यांदा नाव पुढे करणं मला जमायचं नाही.”

“गुरुवारी अकरा वाजता,” तिनं नवऱ्याला बजावलं. “त्या दिवशी घर पडलं तरी मला फोन करायचा नाही.”

“शब्द देतो,” मसुदेराव म्हणाले. आणि त्यांनी तो मनापासून दिला होता, हे त्यांच्या बाजूनं नमूद करायला हवं.

इथूनच घोळ सुरू झाला. गुरुवारी लेक आजारी पडता कामा नये, म्हणून मसुदेरावांनी तिला आठवडाभर सकाळी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. लेक सात वर्षांची. जे ऐकेल ते जसंच्या तसं म्हणून दाखवायची म्हणून तिला मिठ्ठू म्हणत. गुरुवारी त्यांनी मिठाचा चमचा वाढवला, एकाच्या जागी दोन ग्लास दिले आणि बजावलं, “आईला आज कशाचाही त्रास द्यायचा नाही.” साडेसातला बायको बाहेर पडली. पावणेआठला मिठ्ठूनं न्हाणीघराच्या दारात जे काही पोटात होतं ते बाहेर काढलं.

मसुदेराव तिच्या पायाशी पडलेल्या त्या प्रकरणाकडे बघत राहिले. कलम चारप्रमाणे अठ्ठेचाळीस तास सुरू झाले होते. घरी थांबणं हा उपाय त्यांच्या डोक्यात आला नाही असं नाही. आला, पण सवयीनं बायकोच्या नावावर आला, आणि ती तर गेली होती. स्वतः थांबावं तर त्याच दिवशी साडेदहाला मोठ्या साहेबांसमोर त्यांना आपला नवा मसुदा वाचून दाखवायचा होता. विषय होता आजारपणाच्या रजेचा सुधारित अर्ज.

“बरं वाटतंय का आता?” त्यांनी विचारलं.

“एकदम छान,” मिठ्ठू म्हणाली. चेहराही टवटवीत दिसत होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मसुदेरावांनी आपली चार पानं काढली आणि आपल्याच कलमात फट शोधू लागले. दहा मिनिटं शोधली. काम इतकं पक्कं झालं होतं की त्यांना क्षणभर अभिमानच वाटला. मग त्यांनी लेकीला बूट घातले आणि वाटभर तिची तयारी करून घेतली. ही तयारी म्हणजे काय होती ते शाळेच्या फाटकात कळलं, कारण तिथे ती सगळ्यांनीच ऐकली.

फाटकात वर्गाच्या बाई उभ्या होत्या. नाक लाल, डोळे पाणावलेले, हातात चुरगळलेला रुमाल. तीन दिवस त्यांना ताप होता. पण नियमावलीत शिक्षकांबद्दल अवाक्षर नव्हतं आणि त्यांच्या रजा कधीच संपल्या होत्या. त्या मुलांना विचारत होत्या, शिंकत होत्या आणि आत सोडत होत्या.

“मिठ्ठू, घरी उलटी झाली का?”

“नाही बाई,” मिठ्ठू खणखणीत आवाजात म्हणाली. “जे झालं त्याला उलटी म्हणायचं नाही, अन्न वर आलं म्हणायचं. तेपण तुम्ही दोनदा विचारलं तरच. आणि हे बाबांनी शिकवलंय हे सांगायचं नाही.”

मागे रांगेत दाताचे डॉक्टर जुळ्यांना घेऊन उभे होते. “काय मसुदेराव,” ते अत्यंत प्रेमानं म्हणाले, “कलम नऊ का?” दोन्ही जुळी त्या दिवशी ठणठणीत होती. देव असतो, पण तो कुणाच्या बाजूचा ते आधी कळत नाही.

आजारी खोली नियमावलीत ‘स्वतंत्र व हवेशीर’ होती. प्रत्यक्षात ती सामानाची खोली होती. गुंडाळलेले नकाशे, मोडका पृथ्वीगोल, एक वजनकाटा आणि दोन लहान मुलांच्या खुर्च्या. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं सुंदर चित्र होतं, त्याखाली बेसिन होतं आणि बेसिनचा नळ गेल्या वर्षीपासून कोरडा होता. पाणीपुरवठ्याच्या मुख्य कारकुनानं तो सोडून बघितला आणि पुन्हा बंद केला. मग ते गुडघे हनुवटीपर्यंत आणून लहान खुर्चीवर बसले.

सकाळचे तास आटोपून मोठ्या बाई नियमावली घेऊन आल्या. “दुसऱ्या पालकांना फोन लावते.”

मसुदेरावांनी फोनवर हात ठेवला. “बाई, हात जोडतो. तिची आज मुलाखत आहे. तिसरी. ही गेली तर पुन्हा नाही. मला काय हवी ती शिक्षा करा, संध्याकाळपर्यंत बसतो, पण तिला फोन नको.”

“मलाही वाईट वाटतंय,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. “पण गेल्याच आठवड्यात एका आईनं असंच हात जोडले, तेव्हा तुम्ही मला पत्र पाठवलंत. ‘अपवाद केल्यास नियमाची किंमत राहत नाही.’ पत्राची प्रत शिक्षण खात्याला. आता मी काय करू?”

अकराला पाच मिनिटं कमी होती. बाईंनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. खोली लहान, फोनचा आवाज मोठा, त्यामुळे मसुदेरावांना प्रत्येक शब्द ऐकू आला.

“मिठ्ठू कशी आहे?” बायकोनं विचारलं.

“उत्तम आहे. डबा संपवला, अजून काही आहे का विचारतेय.”

“आणि ते?”

“बसलेत.”

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मसुदेरावांना वाटलं, ती आता निघणार. गेल्या दोन्ही वेळी मुलाखत तिनंच सोडली होती. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे, तिनं यावं असं त्यांना आतून कुठेतरी वाटतही होतं, कारण पाय बधिर झाले होते.

“बसू द्या,” बायको म्हणाली. “माझं नाव पुकारतायत. मी दोनला येते.”

फोन बंद झाला. मसुदेरावांना हायसं वाटलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा,” मिठ्ठू वजनकाट्यावर उड्या मारत म्हणाली, “पोटात पाणी असलं की वजन वाढतं का?”

“कसलं पाणी?”

“गुळण्यांचं. दोन ग्लास. आई बेसिनवर दात घासत होती ना? मग थुंकणार कुठे? तुम्ही म्हणालात आईला त्रास द्यायचा नाही. म्हणून मी गिळलं. खूप घाण होतं, पण गिळलं.”

मसुदेराव ताडकन उठले (खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली, ती मागून ओढून काढावी लागली) आणि मोठ्या बाईंच्या खोलीत धावले. “बाई, संसर्ग नाही. काही नाही. मिठाचं पाणी होतं. मीच पाजलं. पोर अगदी निरोगी आहे.”

मोठ्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा लावून पहिलं पान उघडलं. “कलम दोन. वाचू का?”

“नको,” मसुदेराव म्हणाले. ते त्यांना पाठ होतं.

पुढचे तीन तास कसे गेले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मधल्या सुट्टीत खिडकीबाहेर मुलांची रांग लागली आणि मोठ्या बाई त्यांना सांगत होत्या, “बघा, आजार लपवला की असं होतं.” कचेरीतून निरोप आला, की अर्ज धाकट्या कारकुनानं वाचून दाखवला आणि साहेबांना आवडला. वर्गाच्या बाई तापानं फणफणल्या म्हणून त्याही येऊन दुसऱ्या छोट्या खुर्चीवर बसल्या. त्यांना न्यायला कुणी यायचं, हेही नियमावलीत नव्हतं. मसुदेरावांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं वाटलं, की चार पानं लिहिण्याआधी या बाईंना एकदा विचारायला हवं होतं.

बरोबर दोन वाजता बायको आली. मुलाखतीचेच कपडे, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मसुदेरावांनी लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलं नव्हतं.

“झालं?” त्यांनी उठायचा प्रयत्न करत विचारलं.

“झालं. सोमवारी पत्र देतायत.” मग तिनं मिठ्ठूला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली. आपण आज काय घालवणार होतो, हे मसुदेरावांना तेव्हा नीट दिसलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. “चुकलो मी,” ते म्हणाले. कुठल्याही कलमाचा आधार न घेता.

“हो,” बायको म्हणाली.

मोठ्या बाईंनी सुटकेचा कागद पुढे केला. दोन ओळी होत्या. पहिली मुलासाठी, दुसरी पालकासाठी. बायकोनं पहिल्या ओळीवर सही केली. दुसऱ्या ओळीवर तिचं पेन थांबलं.

“बाई,” तिनं विचारलं, “यांना आजच न्यावं लागतं का?”

मोठ्या बाईंनी चारही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. “नाही,” त्या म्हणाल्या. “तशी मुदत कुठे घातलेली नाही.”

“असं कसं होईल?” मसुदेराव कळवळून म्हणाले. “मुदत घालायलाच हवी होती.”

“मग घाला,” बायको म्हणाली, आणि आपलं पेन त्यांच्या हातात देऊन लेकीला घेऊन घरी गेली.